प्रवरेकाठचा कोळसा आणि कॅलिफोर्नियाचं पाईन

आजच्या भागात एकच प्रश्न घेतलाय, आणि तो आपल्या घराजवळचा आहे.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. पुढे नदीच्या खालच्या अंगाला नेवासा, वरच्या अंगाला संगमनेरजवळ जोर्वे. या जोर्व्याच्या नावावरून एका आख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं. जोर्वे संस्कृतीबद्दल वाचायला गेलं की एक ओळ हमखास भेटते: इ.स.पू. १४०० ते १०००. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून विचारा, हा १४०० चा आकडा काढला कुणी? कशावरून?

कारण तिथे शिलालेख नाही. नाणं नाही. राजाचं नाव नाही. आहेत ती खापरं, घरांच्या चोपलेल्या जमिनी, जळके दाणे, चुलीतली राख आणि कोळसा.

नेवाशाचंच बघा. त्याच गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिचं साल आपल्याला पक्कं ठाऊक आहे, शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. का ठाऊक आहे? तर ग्रंथाच्या शेवटी ते नोंदवून ठेवलंय म्हणून. आणि त्याच नेवाशात, लाडमोडच्या टेकाडात, त्याहून अडीच हजार वर्षांहून जुनी माणसं राहून गेली. त्यांनी साल लिहून ठेवलेलं नाही. लिहिणं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचं साल आपण काढलं ते चुलीतल्या कोळशावरून. आणि त्या कोळशाचा हिशेब दुरुस्त करून दिला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, दहा हजार फुटांवर उभ्या असलेल्या पाईनच्या झाडांनी. आजची गोष्ट ती आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. बोलताना सवयीने माझ्या तोंडून नगर येईल, तेवढं चालवून घ्या.)

आधी कोळशाचं सांगते.

हवेत कार्बन डायऑक्साइड असतो. त्यातल्या कार्बनचा अगदी सूक्ष्म भाग किरणोत्सारी असतो, त्याला कार्बन-१४ म्हणतात. झाड जिवंत आहे तोवर हवेतून तो घेत राहतं. झाड तोडलं, वाळलं, की आवक बंद. मग आत आहे तो कार्बन-१४ ठरावीक वेगाने कमी होत जातो. साधारण ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, त्याच्या पुढच्या तेवढ्याच वर्षांत पाव.

आपल्याकडचा झिरपणारा रांजण डोळ्यापुढे आणा. रांजण काठोकाठ भरला आणि सोडून दिला. तासाला किती झिरपतो ते माहीत आहे. मग आत किती पाणी उरलंय ते बघून सांगता येईल ना, की भरून किती वेळ झाला? कार्बन-१४ ची पद्धत हीच. विलार्ड लिबी या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ती पुढे आणली, आणि १९६० मध्ये त्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जगभरच्या पुरातत्त्ववाल्यांना हे केवढं मोठं वाटलं असेल याची कल्पना करा. आपल्याकडे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये जोर्वे खणलं होतं. नंतर १९५४ पासून नेवासा. लाल भांडी, त्यावर काळी नक्षी, चाकावर घडवलेली, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी. तोटीची भांडी. लहान मुलं गेली तर दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरलेली. हे सगळं हातात होतं, फक्त काळ हातात नव्हता. नेवाशाचे कोळशाचे नमुने आधी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात तपासले गेले. पुढे १९६० च्या दशकात मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच कार्बन-१४ ची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि नंतर ती अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली. म्हणजे प्रवरेचा कोळसा मोजायला सातासमुद्रापार पाठवायची गरज उरली नाही.

पण गडबड दुसरीकडेच होती.

रांजणाच्या हिशेबात एक गोष्ट आपण गृहीत धरली. प्रत्येक रांजण काठोकाठ भरलेला होता ही. म्हणजे हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण हजारो वर्षं तेवढंच राहिलं असं मानलं. एखाद्या काळी रांजण काठाच्या वर, शिगोशीग भरला गेला असेल तर? मग आज त्यात पाणी जास्त सापडेल, आणि आपण म्हणू की "हा तर अलीकडेच भरलाय". वस्तू खरी असेल त्यापेक्षा तरुण दिसेल.

अशी शंका यायला कारण होतं. इजिप्तमधल्या राजांची सालं लेखांवरून बऱ्यापैकी माहीत होती. तिथल्या लाकडाचं वय कार्बन-१४ ने काढलं की ते त्या सालांपेक्षा अलीकडचं निघायचं, आणि जितकं मागे जावं तितकी तफावत वाढायची. आता खरं कोण? लेख, की प्रयोगशाळा? हा तंटा तोडायला असा साक्षीदार हवा होता, की ज्याच्याकडे हजारो वर्षांचा वर्षवार हिशेब आहे.

तो साक्षीदार म्हणजे ब्रिस्टलकोन पाईन.

कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाला व्हाइट माउंटन्स नावाचे डोंगर आहेत. तीन हजार मीटरच्या वर, थंड, कोरडं, चुनखडीसारख्या पांढुरक्या दगडाचं रान. तिथे हे पाईन उगवतं. माती नाही, पाऊस नाही, वारा मात्र भरपूर. झाडं बुटकी, पीळ पडलेली, अर्धं अंग वाळून पांढरं पडलेलं, एखाद्याच पट्ट्यात साल जिवंत. वाढ इतकी सावकाश, की कधी कधी शंभर वर्षांत जेमतेम इंचभर. त्यामुळे लाकूड घट्ट, राळेने भरलेलं, कुजायचं नाव नाही.

एडमंड शुल्मन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही झाडं तपासायला घेतली. झाड तोडावं लागत नाही बरं का. आतून पोकळ असा हाताने फिरवायचा गिरमिट असतो, त्याने पेन्सिलीएवढ्या जाडीची लाकडाची कांडी काढतात आणि तिच्यावरची वलयं भिंगाखाली मोजतात. १९५७ मध्ये त्यांना एक झाड सापडलं, चार हजार आठशे वर्षांच्या आसपासचं. त्याला नाव दिलं मेथुसेला. आजही ते जिवंत आहे. १९५८ च्या मार्चमध्ये शुल्मन यांचा लेख नॅशनल जिओग्राफिकमध्ये आला, पण तो बघायला ते नव्हते. जानेवारीतच ते वारले.

हिशेब करून बघा. दायमाबादला जोर्वेवाले घरं बांधत होते, तेव्हा हे झाड हजार-दीड हजार वर्षांचं होऊन गेलेलं होतं.

एक वाईट गोष्टही सांगायला हवी. १९६४ मध्ये नेवाडा राज्यात व्हीलर पीकवर एका संशोधक विद्यार्थ्याच्या कामासाठी असंच एक पाईन परवानगी घेऊन तोडलं गेलं. वलयं मोजली तर ४,८६२ भरली. तेव्हा माहीत असलेलं जगातलं सगळ्यात म्हातारं झाड ते, आणि हे कळलं ते तोडल्यावर. आता ही झाडं राखीव आहेत, आणि मेथुसेला नेमकं कुठलं हे वनखातं जाहीर करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, झाड फार तर पाच हजार वर्षांचं. त्याच्याही मागे कसं जाणार? आणि एखाद्या वर्षी वलय पडलंच नाही तर?

इथे वृक्षवलय कालमापनाची खरी युक्ती आहे. नुसती मोजणी पुरत नाही, जुळणी लागते.

नगरकडच्या म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर लक्षात येईल. त्यांना सन आठवत नाहीत, दुष्काळ आठवतात. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी थोरला झाला." आता एका गावची आजी सांगते: एक वाईट वर्ष, मग तीन बरी, मग दोन वाईट, मग एक फार चांगलं. दुसऱ्या गावची आजी, वयाने मोठी, तिच्या आयुष्याच्या उत्तरार्धात नेमका हाच क्रम सांगते. म्हणजे दोघी एकाच काळाबद्दल बोलतायत. मग मोठ्या आजीच्या आठवणी धरून आपण आणखी तीस वर्षं मागे सरकू शकतो. आणि एखादीच्या सांगण्यात एक वर्ष गळलं असेल, तर दुसरीच्या सांगण्यावरून ते सापडतं.

झाडं हेच करतात. कोरड्या वर्षी वलय बारीक, चांगल्या वर्षी रुंद. त्या डोंगरातल्या सगळ्या झाडांना तोच दुष्काळ, त्यामुळे बारीक-रुंद वलयांचा क्रमही तोच. जिवंत झाडाची आतली, म्हणजे जुनी वलयं मेलेल्या ओंडक्याच्या बाहेरच्या वलयांशी जुळवायची. त्या ओंडक्याची आतली वलयं आणखी जुन्या ओंडक्याशी. थंड कोरड्या हवेत तिथे हजारो वर्षांपूर्वी मेलेले ओंडके तसेच पडून आहेत. वेस्ली फर्ग्युसन यांनी अशी जोडत जोडत साखळी बांधली. १९६९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केली तेव्हा ती सात हजार शंभर वर्षांच्या वर पोचली होती. सलग, एकेक वर्षाची.

मग पुढचं काम सोपं वाटेल, पण ते फार चिकाटीचं. फर्ग्युसन यांनी वय माहीत असलेल्या लाकडाचे तुकडे द्यायचे, आणि हान्स स्यूस यांनी त्यातला कार्बन-१४ मोजायचा. झाडाचं आतलं वलय मेलेलंच असतं, ते ज्या वर्षी वाढलं त्या वर्षीची हवा त्यात कोंडलेली. म्हणजे प्रत्येक वलय हा एकेका वर्षी भरून ठेवलेला रांजणच, आणि कधी भरला ते बाहेर लिहिलेलं!

निकाल असा आला, की इजिप्तचे लेख बरोबर होते. जुन्या काळी रांजण खरंच शिगोशीग भरले जात होते. सूर्याची हालचाल बदलते, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं, त्याप्रमाणे अवकाशातून येणारे किरण कमी-जास्त होतात आणि हवेतला कार्बन-१४ ही. इ.स.पू. ४००० च्या सुमारास तफावत सातशे वर्षांच्या घरात जाते.

हा निकाल एकट्या ब्रिस्टलकोनच्या भरवशावर राहिला नाही. पुढे आयर्लंड आणि जर्मनीतल्या ओक झाडांच्या स्वतंत्र साखळ्या तयार झाल्या, आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली. २०१२ मध्ये जपानी संशोधकांना तिथल्या सीडरमध्ये इ.स. ७७४-७७५ च्या वलयात कार्बन-१४ एकदम उसळलेला दिसला. ती उसळी मग जर्मनीच्या ओकमध्येही आणि ब्रिस्टलकोनमध्येही त्याच वर्षाच्या वलयात मिळाली. तीन खंडांतली झाडं, एकच साल.

आता परत प्रवरेवर येऊ.

समजा, आपल्याकडच्या एका चुलीतल्या कोळशाचा प्रयोगशाळेने आकडा दिला, ३,१०० वर्षं. ही वर्षं १९५० पासून मागे मोजायची असा संकेत आहे. म्हणजे सरळ वजाबाकीने इ.स.पू. ११५०. पाईनच्या तक्त्यातून काढलं की तोच कोळसा इ.स.पू. १४०० ते १३०० च्या आसपास जातो. दोनशे वर्षांचा फरक. सात-आठ पिढ्या! जुन्या अहवालात एक आकडा आणि नव्या पुस्तकात दुसरा दिसला, तर दर वेळी कुणी चुकलंय असं नसतं. मधे ही दुरुस्ती झालेली असते.

आणि हा फक्त आकड्याचा खेळ नाही. हडप्पा संस्कृतीचं उदाहरण घ्या. डी. पी. अगरवाल यांनी १९६४ मध्ये मुंबईत मोजलेल्या कार्बन तारखांवरून तिचा काळ साधारण इ.स.पू. २३०० ते १७५० असा मांडला. पण मेसोपोटेमियात सापडलेल्या हडप्पाच्या मुद्रा त्याहून जुना काळ सुचवत होत्या. दुरुस्ती लावल्यावर नगरांचा भरभराटीचा काळ २६०० ते १९०० असा बसला आणि दोन्ही बाजू जुळल्या. दायमाबादला याचा थेट संबंध आहे, कारण तिथे उत्तर हडप्पा काळाचा थर मिळाला, इतक्या दक्षिणेला. त्यावर दायमाबाद संस्कृती, मग माळवा, मग जोर्वे, असे थरावर थर. माळवा १६०० ते १४००, जोर्वे १४०० ते १०००, हे जे आज आपण म्हणतो, ते दुरुस्त केलेले आकडे आहेत.

सांकळियांना तोटीच्या भांड्यांचं इराणमधल्या भांड्यांशी साम्य दिसलं होतं, आणि तिकडून लोक आले असतील का, हा प्रश्न त्यांनी मांडला होता. कोण आधी, कोण नंतर, हे ठरल्याशिवाय अशा प्रश्नाला हातच घालता येत नाही. एका बाजूच्या तारखा दुरुस्त केलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या कच्च्या, अशी तुलना केली तर आजोबा नातवाच्या मागून जन्मतो. म्हणून तारीख वाचताना पहिला प्रश्न हाच: दुरुस्त केलेली आहे का?

कुणी विचारेल, कॅलिफोर्नियाचं झाड नगरच्या कोळशाला कसं लागू? याचं उत्तर हवेत आहे. कार्बन डायऑक्साइड काही वर्षांत सगळीकडे मिसळून जातो. प्रवरेकाठच्या बाभळीने घेतलेली हवा आणि त्या पाईनने घेतलेली हवा, या कामापुरती एकच. पाऊस मात्र तसा नाही. वलयाच्या रुंदीवरून त्या डोंगरातला दुष्काळ कळेल, नगरचा नाही.

मग आपल्या झाडांचं काय? कडुलिंब, बाभूळ यांची वलयं बहुधा पुसट, आणि वर्षाला एकच पडेल याची खात्री नाही. संगमनेर तालुक्यातला पेमगिरीचा वड तुम्ही पाहिला असेल. त्याचं तर मूळ खोड कुठलं आणि पारंबी कुठली हेच सांगता येत नाही, वलयं कुठे मोजणार? सागाचं तसं नाही. तो उन्हाळ्यात पानं गाळतो आणि पावसाबरोबर नवं लाकूड धरतो, त्यामुळे वलय स्वच्छ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९८० च्या दशकातच ठाण्याकडच्या सागावर काम केलंय, आणि केरळच्या सागावरून इ.स. १४८१ पासूनची साखळी बांधलीय. हिमालयात किन्नौरच्या चिलगोजा पाईनची साखळी हजार वर्षांच्या घरात जाते, तर लाहौलच्या जुनिपरची इ.स. ४२० पर्यंत. मान्सूनचे जुने दुष्काळ कळायला ही मोलाची आहेत. पण दायमाबादपर्यंत यातलं एकही पोचत नाही.

आता पाईनला काय जमत नाही, तेही सांगते.

एक, इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा तक्ता जवळजवळ सपाट आहे. त्या चारशे वर्षांतला कुठलाही कोळसा साधारण सारखाच आकडा देतो. जोर्वेची शेवटची गावं ओस पडल्यावर पुढे काय झालं, हे समजायला नेमका हाच काळ अवघड जातो.

दोन, जुनं लाकूड. घराचा वासा शंभर वर्षं जुन्या झाडाचा असेल, तर त्याचा कोळसा घरापेक्षा शंभर वर्षं जुना निघणार. म्हणून जळका दाणा मिळाला तर तो चांगला, तो त्याच हंगामाचा असतो.

आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं. कोळसा आणि वस्तू एकाच थरात हवेत. दायमाबादची ब्राँझची शिल्पं सगळ्यांना माहीत आहेत. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. १९७४ मध्ये गावातल्या एका माणसाला झुडपाचं मूळ खणताना ती मिळाली. ती कुठल्या थरात होती, शेजारी काय होतं, हे नोंदलं गेलं नाही. नंतर एस. ए. साळी यांनी तिथे मोठं उत्खनन केलं. साळी, ढवळीकर यांना ती उत्तर हडप्पा काळातली वाटली. अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. धातूत झाडाचा कार्बन नाही, सोबत नोंदलेला कोळसा नाही. जगातली सगळी पाईनं आणून उभी केली तरी हा वाद ती सोडवू शकत नाहीत.

म्हणून शेवटी एक विनंती करते. गावाकडे आपण काळी आणि पांढरी म्हणतो. काळी म्हणजे शेतीची, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. जुन्या ओसाड पांढरीची माती पिकाला चांगली म्हणून गाड्या भरभरून शेतात जाते. आता तर जेसीबी असतो, टेकाड दोन दिवसांत सपाट. ती माती पांढरी का आहे? कारण तिच्यात शेकडो वर्षांची राख, हाडं, शेण, मोडलेली घरं आहेत. खापर तर पुढच्या पावसात शेतातही सापडेल, पण ते कुठल्या चुलीशेजारी पडलं होतं, हे एकदा गेलं की गेलं. कॅलिफोर्नियाच्या डोंगरावर पाच हजार वर्षांचा हिशेब तयार आहे, त्याला लावायला आपल्याकडून फक्त जागच्या जागी असलेला एक कोळशाचा तुकडा लागतो.

तुमच्या गावाजवळ असं टेकाड असेल तर माती काढण्याआधी जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. निदान फोटो काढा, जागा लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कुठे इ.स.पू. १४०० वाचलंत, तर घरातल्या पोरांना सांगा, हा आकडा कुठून आला ते.